आधीं लेंडीची परीक्षा, मग जंताचें औषध

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. मेंढ्याशेळ्यांच्या पोटांतील जंतांवर सोलापूर जिल्ह्यांत पुष्कळ ठिकाणीं ज्या रीतीनें उपाय होतात, ती पाहिली म्हणजे या म्हणीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडीं एकदां व पावसाळा सरल्यावर एकदां सबंध कळपास औषध पाजावयाचें, हा नेहमींचा परिपाठ. पोटांत जंत आहेत कीं नाहींत, असल्यास ते कोणत्या जातीचे, किती, आणि पाजलेल्या औषधानें ते मेले कीं नाहींत, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर सहसा कोणी मागत नाहीं. वस्तुतः या चारहि प्रश्नांचा पुष्कळसा उलगडा मूठभर लेंड्यांतून होऊं शकतो. तो कसा होतो, हें आमच्या वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय मेंढपाळांचा आहे, शेतकऱ्यांचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या रानांत हंगामापूर्वीं मेंढ्या बसल्या, त्या रानाची ज्वारी व न बसलेल्या रानाची ज्वारी यांतील अंतर मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीचा शेतकरी चांगलें ओळखतो. शिवाय कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारांत दोन-चार उस्मानाबादी शेळ्या असतातच, आणि पीक बुडालेल्या वर्षीं घरचा मीठमिरचीचा खर्च त्याच चालवितात. मेंढी खंगली तर खत गेलें, शेळी आटली तर दूध व करडूं गेलें. हें नुकसान शेवटीं शेतकऱ्याच्याच घरचें आहे.

कोरड्या मुलखांतील जंत

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपांचशें मिलिमीटरांच्या आसपास, व त्याचा मोठा वांटा सप्टेंबरच्या सुमारास पडणारा. अशा मुलखांत जंतांची भीति कसली, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. वैशाखांतील तापलेल्या माळावर जंतांच्या अळ्या फार दिवस तग धरीत नाहींत हें खरें. परंतु त्या दिवसांत कळपहि माळावर राहत नाहीं. तलावाची कड, ओढ्याची ओल, कालव्याचा पाझर, जेथें थोडी हिरवळ उरली असेल तेथें सगळे कळप गोळा होतात. शेंकडों मेंढ्यांची लेंडी तेवढ्याच ओलसर पट्ट्यांत पडते, आणि तेथलेंच गवत त्या पुन्हां खातात. पुढें परतीचा पाऊस पडून ऊब व ओल एकत्र आली, म्हणजे उरलेल्या माळावरहि अळ्यांस अनुकूल काळ येतो.

दुसरी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. भीमा नदीवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, व त्याच्या कालव्यांनीं जिल्ह्याच्या मोठ्या भागांत ओल आणिली. हा लाभ कोणी नाकारणार नाहीं. परंतु संथ पाणी व पाणथळ जागा जेथें वाढतात तेथें गोगलगाईंसहि आसरा मिळतो, आणि यकृतांत राहणारा पर्णकृमि आपल्या आयुष्याचा एक भाग अशाच गोगलगाईंच्या शरीरांत काढतो. म्हणून सांगोल्याच्या कोरड्या माळावरचा कळप उन्हाळ्यांत कालव्याच्या कडेस उतरला, कीं त्याच्या दुखण्याचें मूळहि बदलूं शकतें. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र खंगलेली मेंढी, फिकट डोळे व जबड्याखालीं आलेली पाण्याची सूज हीं लक्षणें दोन्हींकडे सारखींच दिसतात.

मुख्य शत्रु

मेंढ्याशेळ्यांच्या पोटांतील जंतांचे तीन ठळक वर्ग आहेत. दोऱ्यासारखे ते गोलकृमि, फितीसारखे ते पट्टकृमि, व पानासारखे चपटे ते पर्णकृमि. यांशिवाय कॉक्सिडिया नांवाचे अतिसूक्ष्म परजीवी आंतड्यांत राहतात व विशेषतः कोंकरांस आणि करडांस रक्तमिश्रित हगवण लावतात. ते जंत नव्हेत, आणि जंताच्या औषधानें ते मरतहि नाहींत.

गोलकृमींत सर्वांत घातक तो हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. हा मेंढीच्या चौथ्या पोटांत राहून रक्त पितो. मादी सुमारें एक इंच लांब असून तांबड्या व पांढऱ्या दोऱ्यांचा पीळ घातल्यासारखी दिसते. एक जंत दिवसास सुमारें ०.०५ मिलिलिटर रक्त नेतो, असें शास्त्रज्ञ मानतात. हा आंकडा क्षुल्लक वाटेल. परंतु पोटांत असे हजार जंत असले तर दररोज ५० मिलिलिटर रक्त जातें, व चांगली मेंढीहि थोड्या आठवड्यांत पांढरी पडते. एक मादी दिवसाला पांच ते दहा हजार अंडीं घालते. तीं लेंडीबरोबर बाहेर पडतात, उबदार ओलींत फुटतात, आणि आठवड्याभरांत त्यांतील अळ्या गवताच्या पात्यावर चढतात. गवताबरोबर पोटांत गेल्यावर सुमारें तीन आठवड्यांनीं त्या स्वतः अंडीं घालूं लागतात.

अंडीं लेंडीबरोबर बाहेर येतात, ही गोष्ट जंतांच्या फैलावाचें कारण आहे; तीच आपल्या परीक्षेचाहि आधार आहे. फ्रान्समध्यें काझिमीर दाव्हेन यांनीं १८५७ सालीं माणसाच्या विष्ठेंतील अंडीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून पोटांतील जंत ओळखण्याचा मार्ग दाखविला. आपल्या देशांत जी. डी. भालेराव यांनीं भारतांतील पाळीव जनावरांच्या कृमींचें वर्णन करणारा ग्रंथ १९३५ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे ही विद्या नवी नाहीं. नवी आहे ती तिची निकड, व तिचें कारण पुढें येईल.

नमुना कसा घ्यावा

परीक्षेचें निम्में यश नमुन्यांत आहे. जमिनीवर पडलेली जुनी लेंडी घेऊं नये. तींत मातींतील निरुपद्रवी कृमि शिरतात, व उन्हानें खरीं अंडीं बिघडतात. स्वच्छ रबरी हातमोजा घालून गुदद्वारांतून ताजी लेंडी काढावी, किंवा डोळ्यांदेखत पडलेली वरच्यावर उचलावी. एका मेंढीची सुमारें पांच ग्रॅम, म्हणजे आठ-दहा लेंड्या, पुरे. कळपांतील दहा-बारा मेंढ्यांचे नमुने वेगवेगळे घ्यावे. त्यांत खंगलेल्या असाव्या तशा धडधाकटहि असाव्या, आणि कोंकरें व दुभत्या मेंढ्या विसरूं नयेत. कारण व्यालेल्या मेंढीच्या लेंडींत अंड्यांचें प्रमाण पुष्कळदां वाढतें.

प्रत्येक नमुना लहान पिशवींत घालून हवा दाबून काढावी व तोंड बांधावें. वर मेंढीची खूण, वय, तारीख आणि शेवटचें औषध केव्हां व कोणतें पाजलें हें लिहावें. नमुने सावलींत थंड ठेवावे, परंतु गोठवूं नयेत, व त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्या दिवशीं, परीक्षेस पोंचवावे. उशीर झाल्यास अंडीं फुटून अळ्या बाहेर पडतात, आणि मोजणी खोटी ठरते.

प्रयोगशाळेंतील रीति

पहिली रीत अगदीं साधी. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबांत लेंडीचा कण कालवून, वर पातळ काच ठेवून यंत्राखालीं पाहावें. दोन मिनिटांत काम होतें. परंतु एवढ्याशा कणांत अंडें सांपडलें नाहीं म्हणून जंत नाहींत, असें म्हणतां येत नाहीं. गव्हाच्या पोत्यांतील एक दाणा पाहून पोत्यांत किडे नाहींत असें म्हणण्यासारखेंच तें आहे.

दुसरी तरंगविण्याची रीत. एक लिटर पाण्यांत सुमारें ४०० ग्रॅम मीठ घालून, थोडें तळाशीं न विरघळतां राहील असें तृप्त द्रावण करावें. त्यांत लेंडी कुसकरून गाळावी, व गाळलेलें पाणी परीक्षानळींत कांठोकांठ भरून वर काच ठेवावी. गोलकृमींचीं व बहुतेक पट्टकृमींचीं अंडीं या खाऱ्या पाण्यापेक्षां हलकीं असल्यामुळें पंधरा-वीस मिनिटांत वर येऊन काचेस चिकटतात. बियाणें मिठाच्या पाण्यांत टाकून पोचट दाणे वर काढण्याची युक्ति शेतकऱ्यांस ठाऊक आहेच, तत्त्व तेंच. ऑस्ट्रेलियांत विलिस यांनीं १९२१ सालीं माणसांतील अंकुशकृमींच्या अंड्यांकरितां ही रीत सांगितली, आणि तीच पुढें जनावरांच्या कामीं आली.

तिसरी निवळविण्याची रीत. पर्णकृमींचीं अंडीं मोठीं व जड असतात. तीं मिठाच्या पाण्यांत नीट तरंगत नाहींत. त्यांकरितां लेंडी साध्या पाण्यांत कालवून, गाळून स्थिर ठेवावी, वरचें पाणी हलकेंच ओतून टाकावें, आणि पुन्हां पाणी घालून असें तीन-चार वेळां करावें. शेवटीं तळाशीं राहिलेल्या गाळाचा थेंब यंत्राखालीं पाहावा. ज्या कळपास कालव्याची किंवा तलावाची कड लागली आहे, त्याची नुसती तरंगविण्याची परीक्षा करून "जंत नाहींत" असा निर्वाळा घेऊं नये. तेथें दोन्ही परीक्षा मागून घ्याव्या.

अंड्यांच्या आकारावरून पुष्कळ गोष्टी कळतात. पट्टकृमि मोनिझिया याचें अंडें कोनदार असतें. स्ट्राँगिलॉइडिसच्या अंड्यांत अळी तयारच दिसते. कॉक्सिडियाच्या गोल पुटिका पुष्कळच लहान असतात. परंतु हिमॉन्कस व त्याचे भाऊबंद यांचीं अंडीं इतकीं सारखीं, कीं नुसत्या पाहण्यानें त्यांची जात खात्रीनें ठरत नाहीं. तेव्हां लेंडी आठ-दहा दिवस उबदार व ओलसर ठेवून अळ्या उपजवितात, व त्यांच्या शेपटीवरून जात ठरवितात.

मोजणीचें महत्त्व

अंडीं आहेत एवढें कळून भागत नाहीं. किती आहेत तें कळावें लागतें. माळावर चरणाऱ्या बहुतेक प्रत्येक मेंढीच्या पोटांत थोडे जंत असावयाचेच, आणि सशक्त मेंढी ते सहन करते. मोजणीकरितां सिडनी येथील मॅक्मास्टर प्रयोगशाळेंत गॉर्डन व व्हिटलॉक यांनीं १९३९ सालीं एक विशेष काचपट्टी योजिली. तिला मॅक्मास्टर काचपट्टी म्हणतात. तिच्यांत दोन कप्पे असून प्रत्येकाच्या आंखलेल्या चौकोनाखालीं ०.१५ मिलिलिटर द्रावण मावतें.

दोन ग्रॅम लेंडी २८ मिलिलिटर मिठाच्या द्रावणांत कालविली म्हणजे एकूण सुमारें ३० मिलिलिटर मिश्रण होतें. दोन कप्प्यांत मिळून त्यांतील ०.३ मिलिलिटर, म्हणजे शंभरावा भाग, आपल्या नजरेखालीं येतो. दोन ग्रॅमांचा शंभरावा भाग म्हणजे एका ग्रॅमाचा पन्नासावा. म्हणून दोन्ही कप्प्यांतील अंडीं मोजून त्यांस ५० नें गुणलें, कीं एका ग्रॅम लेंडींतील अंडीं निघतात. चौदा अंडीं दिसलीं तर ७००, साठ दिसलीं तर ३,०००. साधारणपणें पांचशेंच्या आंतील आंकडा सौम्य व दोन हजारांवरील भारी समजतात. तथापि वय, हंगाम, चारा व जंताची जात पाहून अंतिम निर्णय पशुवैद्यानेंच द्यावा.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. अळ्या पोटांत गेल्यापासून सुमारें तीन आठवडे अंडीं दिसत नाहींत, पण अपक्व जंत तत्पूर्वींच रक्त पिऊं लागतात. यकृतांतील पर्णकृमीच्या बाबतींत तर अंडीं दिसण्यास दहा-बारा आठवडे किंवा अधिकहि लागतात. म्हणून मेंढ्या पांढऱ्या पडूं लागल्या असून लेंडींत अंडीं नाहींत, अशा वेळीं कागदावरील शून्यावर विसंबूं नये. मेलेल्या मेंढीचें शवविच्छेदन पशुवैद्याकडून करवून घ्यावें. चौथें पोट व यकृत उघडून पाहिल्यावर संशयास जागा राहत नाहीं.

औषध लागू पडलें काय?

आतां या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊं. थायाबेंडाझोल हें प्रभावी औषध १९६१ सालीं जगांत आलें, आणि १९६४ सालींच त्यास दाद न देणारे हिमॉन्कस आढळल्याचें प्रसिद्ध झालें. पुढें त्याच वर्गांतील अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल, निराळ्या वर्गांतील लेव्हामिसोल, आणि १९८१ पासून आयव्हर्मेक्टिन हीं औषधें आलीं. आयव्हर्मेक्टिनच्या मूळ शोधाबद्दल विल्यम कॅम्बेल व सातोशी ओमुरा यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. परंतु या प्रत्येक वर्गास न जुमानणारे जंत आज जगाच्या निरनिराळ्या भागांत आढळले आहेत, व भारतहि त्यास अपवाद नाहीं.

याचें कारण औषधाच्या वापरांत आहे. एकच औषध वर्षानुवर्षें, सबंध कळपास, अंदाजानें आणि पुष्कळदां वजनाच्या मानानें कमी पाजलें, म्हणजे दुबळे जंत मरतात व चिवट तेवढे उरतात. पुढली सगळी पैदास चिवटांचीच होते. शेतांतील किडीवर एकच विष वारंवार फवारल्यास काय होतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास हें अधिक समजावून सांगावयास नको.

आपल्या कळपांतील जंत असे बनले आहेत किंवा नाहीं, हें बाटलीवरील छापावरून कळत नाहीं, लेंडीवरून कळतें. औषध पाजण्याच्या दिवशीं दहा-पंधरा मेंढ्यांच्या लेंडीची मोजणी करावी, आणि दहा ते चौदा दिवसांनीं त्याच मेंढ्यांची पुन्हां करावी. समजा, आधीं सरासरी १,२०० अंडीं होतीं. नंतर ६० किंवा त्याहून कमी राहिलीं, तर शेंकडा ९५ वा त्याहून अधिक घट झाली. औषध लागू आहे. परंतु ४८० राहिलीं, तर घट शेंकडा ६० च झाली. मात्रा वजनाप्रमाणें दिली होती व औषध मुदतींतलें होतें, अशी खात्री करून घेतल्यावरहि हाच आंकडा आला, तर तें औषध त्या कळपांत निकामी होत चाललें आहे असें समजून पशुवैद्याच्या सल्ल्यानें दुसऱ्या वर्गाचें औषध निवडावें. नुसतें नांव किंवा कारखाना बदलून उपयोग नाहीं; वर्ग बदलला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी, कीं सरसकट सर्व मेंढ्यांस पाजण्याची बहुधा गरजहि नसते. कळपांतील बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटांत असतात. मोजणीवरून त्या ओळखून तेवढ्यांसच औषध दिलें, तर खर्च वांचतो, आणि बाकीच्यांच्या पोटांतील औषधाला अद्याप दाद देणारे जंत चिवटांची पैदास पातळ करितात. जेथें हिमॉन्कस हाच मुख्य शत्रु आहे, तेथें दक्षिण आफ्रिकेंत तयार झालेला फामाचा नांवाचा रंगीत तक्ता रानांतहि उपयोगी पडतो. खालच्या पापणीच्या आंतील भागाचा रंग तक्त्यांतील पांच पायऱ्यांशीं ताडून पाहतात, व फिकट डोळ्याच्या मेंढीसच औषध देतात. हा तक्ता लेंडीच्या परीक्षेचा सोबती आहे. तो तिची जागा घेऊं शकत नाहीं, कारण डोळा पांढरा पडण्यास इतरहि कारणें असतात.

बाजारांतून आणिलेल्या नव्या मेंढ्या एकदम कळपांत सोडूं नयेत. त्यांच्याबरोबर दुसऱ्याच्या कळपांतले चिवट जंत आपल्या रानांत येतात. त्यांस निराळें ठेवून औषध पाजावें, दहा ते चौदा दिवसांनीं लेंडी तपासावी, व निर्मळ ठरल्यावरच मिसळावें.

संस्थेनें काय करावें

ही परीक्षा कोठें होते? प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें. तेथें सोय नसल्यास तेथून नमुने जिल्ह्याच्या ठिकाणीं, व अवघड प्रकरणांत पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जाऊं शकतात. परंतु सांगोल्याच्या वाडीवरून निघालेली लेंडी पुण्यास पोंचेपर्यंत दिवस मोडतो, आणि मेंढपाळाचा वाडा तोंवर दुसऱ्या गांवीं हललेला असतो. म्हणून हें काम गांवाजवळ आलें पाहिजे.

यास लागणारें साहित्य फार नाहीं. एक साधें सूक्ष्मदर्शक यंत्र, दोन मॅक्मास्टर काचपट्ट्या, ग्रॅमचें वजन दाखविणारा लहान कांटा, चहाची गाळणी, कांहीं परीक्षानळ्या व मीठ. मीठ तर घरचेंच. जी सहकारी संस्था खताचें गोदाम चालवूं शकते, तिला एवढें जड जाऊं नये. गांवांतील शिकलेल्या एखाद्या मुलास किंवा मुलीस पशुवैद्याच्या हाताखालीं नमुना घेणें, द्रावण करणें व अंडीं मोजणें शिकवितां येईल. निदान करणें व औषध ठरविणें हा अधिकार मात्र पशुवैद्याकडेच असावा. प्रत्येक कळपाची एक वही ठेवावी. तींत तारीख, रान, मोजणी, औषध व नंतरची मोजणी लिहावी. दोन वर्षांत अशी वही त्या पंचक्रोशींतील कोणतें औषध अद्याप उपयोगी आहे, हें सांगूं लागेल.

औषधाचा गुण ही एकट्यादुकट्याची मिळकत नव्हे. तलावाच्या एकाच कडेला दहा जणांचे कळप पाणी पितात, व एकाच्या मेंढीचे चिवट जंत दुसऱ्याच्या कोंकरांच्या पोटांत जातात. गांवच्या विहिरीचें पाणी जसें एकानें घाण केलें तरी सर्वांस भोगावें लागतें, तसेंच हें आहे. विहीर राखण्यास गांव एकत्र येतें. औषधाचा गुण राखण्यासहि त्यानें यावें, व त्याचा आरंभ येत्या पावसाळ्यानंतर पहिली बाटली उघडण्यापूर्वीं दहा मेंढ्यांची लेंडी तपासून करावा, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे.